दुसऱ्या दिवसाची नोंद कोण ठेवणार?

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, वय ३९. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरी सगळ्यांनाच करोना झाला. मला अकरा दिवस ताप होता. बाकीचे पंधरवड्यात उभे राहिले, मी अजून पुरती उभी राहिलेली नाही. रक्त, थायरॉइड, बी-१२, छातीचा एक्स-रे, टीबीची तपासणी, सगळे अहवाल ठीक आले. गेल्या वर्षी ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि ‘एमई/सीएफएस’ या श्रमाने बळावणाऱ्या दीर्घ आजाराचे नाव सांगितले. तोवर महाप्याची नोकरी सुटली होती. बँकेत जाऊन आले तर त्या दिवशी फारसे काही होत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तीन-चार दिवस अंथरुणात जातात. या आजारावरच्या संशोधनाच्या बातम्या मी वाचते आणि दर वेळी निराश होते. कधी व्यायामच करा म्हणतात, कधी सगळे मनाचे म्हणतात, कधी सतराच रुग्ण तपासून निष्कर्ष काढतात. आता नवी मुंबईतल्याच एका रुग्णालयात ‘दीर्घकालीन थकव्या’वर योग आणि टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचे चालणे असा बारा आठवड्यांचा अभ्यास सुरू होतो आहे आणि ओळखीच्या फिजिओथेरपिस्टने माझे नाव सुचवले आहे. मला भीती वाटते. मिस्टर म्हणतात, “संशोधन होत नाही म्हणून रडतेस आणि दाराशी आले तर नको म्हणतेस.” दीर तर म्हणाले, “वहिनींना बरे व्हायचेच नाही.” आम्हा रुग्णांचे आक्षेप अवास्तव आहेत का? मी नकार दिला तर तो कृतघ्नपणा ठरेल का? हे पत्र मी नऊ दिवस थोडे थोडे लिहिते आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते, कारण एवढा मजकूर एका बैठकीत वाचणे तुम्हाला झेपेलच असे नाही. त्या अभ्यासाच्या संमतीपत्रावर इतक्यात सही करू नका, आणि नकारही कळवू नका. आधी काही प्रश्न लेखी पाठवा. ते कोणते हे पुढे लिहिले आहे. त्यांची उत्तरे आली की निर्णय बहुतेक आपोआप होईल. आणि कृतघ्नपणाचा विषय डोक्यातून काढून टाका. अभ्यासात भाग घेणारी व्यक्ती संशोधकाला काही देत असते, त्याच्याकडून उपकार घेत नसते.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगते, हे तुम्ही विचारणे रास्त आहे. मी डॉक्टर नाही. मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर अकरा वर्षे ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर ‘सामान्य नागरिक’ या नात्याने बसले. रुग्णांवर करायच्या प्रत्येक अभ्यासाचा आराखडा अशा समितीपुढे यावा लागतो आणि तिच्यात वैद्यकाशी संबंध नसलेला किमान एक सदस्य असावाच लागतो. माझे काम मुख्यतः रुग्णाला द्यायचे मराठी माहितीपत्रक वाचण्याचे होते. ‘या अभ्यासात सहभागी होण्यात कोणताही धोका नाही’ हे वाक्य मी त्या अकरा वर्षांत किती वेळा खोडले असेल, त्याची गणती नाही.

आता तुमच्या आक्षेपांकडे वळते. तुमची भीती हवेतून आलेली नाही, तिला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली दोनशेहून अधिक कर्मचारी एका गूढ साथीने आजारी पडले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी त्या आजाराला ‘मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस’ (एमई) हे नाव सुचवले गेले आणि १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. तरीही १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असल्याचे मत मांडले. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त होते, हा त्यांच्या मांडणीतला एक आधार होता. पुढे अमेरिकेत १९८८ साली ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ (सीएफएस) हे नाव रूढ झाले आणि आजार म्हणजे नुसता थकवा, असा समज त्या नावातूनच पसरला. त्याच देशात १९९९ च्या सरकारी तपासणीत असे आढळले, की १९९५ ते १९९८ या वर्षांत या आजाराच्या संशोधनावर खर्च दाखवलेल्या २ कोटी २७ लाख डॉलरपैकी १ कोटी २९ लाख डॉलर एक तर दुसऱ्याच कामांवर गेले होते किंवा त्यांचा धड हिशोब देता येत नव्हता. एवढे सोसलेल्या रुग्णांनी संशोधनाकडे संशयाने पाहिले, तर त्यांना विज्ञानाचे शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे.

पण तुमच्यापुढे जो अभ्यास आला आहे त्याच्या दृष्टीने सगळ्यांत जवळचे प्रकरण ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. सुमारे ५० लाख पौंड खर्चून ६४१ रुग्णांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम आणि सीबीटी नावाची समुपदेशन-पद्धत या दोन्हींनी रुग्ण सुधारतात, असे त्यांत म्हटले होते. २०१३ मधल्या लेखात तर या दोन्ही गटांतले २२ टक्के रुग्ण ‘बरे झाले’ असे सांगण्यात आले. रुग्णांनी ते लेख अक्षरशः ओळीओळीने वाचले. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या एका प्रश्नावलीत ६५ किंवा त्याहून कमी गुण असतील तर माणसाला आजारी म्हणून चाचणीत घेतले जात होते. बरे झाल्याची खूण आधी ८५ गुणांची ठरली होती, पण चाचणी झाल्यावर ती ६० वर आणली गेली. म्हणजे त्या मोजमापापुरते पाहायचे तर, ६५ गुणांना आजारी ठरलेला माणूस वर्षभराने घसरून ६० वर आला तरी ‘बरे झालेल्यांच्या’ रेषेच्या आत बसत होता. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. प्रवेशासाठी नापास केलेल्या मुलाला त्याहून कमी गुणांवर उत्तीर्ण करणारी शाळा माझ्या पाहण्यात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने त्या चाचणीची मूळ आकडेवारी मागितली. विद्यापीठाने ती द्यायला नकार दिला, आणि २०१६ साली न्यायाधिकरणाने नावे वगळून ती देण्याचा आदेश केला. आधी ठरलेल्या निकषांनी पुन्हा मोजल्यावर बरे झालेल्यांचे प्रमाण एकअंकी टक्क्यांवर उतरले आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. व्यायामाच्या गटातले रुग्ण वर्षभरानंतर सहा मिनिटांत सरासरी ३७९ मीटर चालू शकत होते, सुरुवातीला हा आकडा ३१२ होता. संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला गप्पा मारत फेऱ्या घालणाऱ्यांचा वेग साधारण तेवढाच असतो. मला त्याहून बोचलेली गोष्ट वेगळी आहे. रुग्ण दिवसभरात प्रत्यक्ष किती हालचाल करतो हे मोजणारे यंत्र त्यांनी सुरुवातीला वापरले होते, मात्र शेवटी वापरायचे नाही असे ठरवले. कारण सांगितले ते रुग्णांना त्याचा जाच होईल असे. आठवडाभर यंत्र बांधण्याचा जाच होतो आणि वर्षभर व्यायाम वाढवण्याचा होत नाही, हे मला काही केल्या समजत नाही.

या पद्धतीचा पुरस्कार ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत होता. तो २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढून टाकण्यात आला. व्यायाम-अभ्यासांचा पुरावा कमी किंवा अतिशय कमी दर्जाचा आहे, असा शेरा मारून त्या संस्थेने ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात देऊ नये असे लिहिले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. इथे चौदा वर्षे वाटी तीच होती, दूधही तेच होते, आणि पिणाऱ्यालाच विचारत राहिले की फुंकतोस कशाला.

ब्रिटनमधले चुकले म्हणून नवी मुंबईतलेही चुकणार असा याचा अर्थ नाही. पण तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला आहे, आणि तो तुमचा नसून त्या अभ्यासाचा आहे : ‘दीर्घकालीन थकवा’. ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये शिरून कोणालाही विचारा, सहा महिन्यांपासून थकवा येतो का? नाही म्हणणारा विरळा. गोव्यात १८ ते ५० या वयातल्या २,४९४ स्त्रियांची पाहणी झाली होती. ती २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले, आणि त्या थकव्याचा संबंध गरिबी, घरातले ताण आणि मानसिक त्रास यांच्याशी ठळकपणे दिसला. ही पाहणी मोलाची आहे. तिच्यात सापडलेले दुःख खरे आहे आणि त्यावर उपाय व्हायलाच हवेत. पण तो तुमचा आजार नव्हे. आपल्या भाषेत दमणे, थकणे, गळून जाणे, अंगात त्राण नसणे अशा कितीतरी छटा आहेत, आणि प्रश्नावली त्या सगळ्यांना एकाच चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’ करून टाकते.

तुम्ही मात्र पत्रात नेमके लिहिले आहे : त्या दिवशी फारसे काही होत नाही, दुसऱ्या दिवसापासून होते. याला डॉक्टर ‘पोस्ट-एक्झर्शनल मलेज’ म्हणतात आणि रुग्ण ‘क्रॅश’ म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात हे लक्षण असल्याशिवाय हा आजार म्हणू नये असे ठरवले. सलग दोन दिवस सायकलवर श्रमाची चाचणी घेतलेल्या अनेक अभ्यासांत या रुग्णांची क्षमता दुसऱ्या दिवशी घसरलेली दिसली आहे. दमलेला निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी साधारण तेवढेच करतो. पेस चाचणीच्या प्रवेशाच्या निकषांत हे लक्षण असणे सक्तीचे नव्हते. ज्याला चालण्याने बरे वाटते असा थकलेला माणूस आणि ज्याला चालण्याने अंथरूण धरावे लागते असा माणूस एकाच रांगेत उभे करून सरासरी काढली, तर त्या सरासरीतून दुसऱ्याचे नुकसान दिसणारच नाही. रुग्णांच्या बाकीच्या तक्रारी मी एक वेळ बाजूला ठेवीन, पण ही नाही.

तुम्ही म्हणता तो सतरा रुग्णांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा, फेब्रुवारी २०२४ मधला. घोषणा २०१५ ची, निष्कर्ष यायला आठ वर्षांहून अधिक काळ गेला, आणि आठवडाभर रुग्णालयात राहून तपासण्या सोसण्याइतपत बळ असलेलेच रुग्ण त्यात येऊ शकले. त्यातल्या ‘श्रमांची पसंती’ अशा अर्थाच्या शब्दप्रयोगावर रुग्ण संतापले, आणि शब्दांची नोकरी केलेली बाई म्हणून मी त्यांच्या बाजूची आहे. पसंती म्हटले की निवड आली, आणि निवड म्हटली की तुमच्या दिरांचे वाक्य आलेच. मात्र त्याच लेखात रोगप्रतिकारक पेशींतले आणि मेंदूच्या भोवतालच्या द्रवातले फरकही नोंदवलेले आहेत, आणि संशोधकांनी आजार शारीरिक असल्याचेच म्हटले आहे. एका वाईट शब्दापायी ती पाने फाडून टाकू नयेत. करोनानंतर लांबलेल्या त्रासाच्या, म्हणजे दीर्घ करोनाच्या, संशोधनासाठी अमेरिकी संसदेने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या १.१५ अब्ज डॉलरांबद्दलची रुग्णांची नाराजी मला अधिक पटते. पैशाचा मोठा भाग निरीक्षणावर गेला आणि उपचारांच्या पहिल्या चाचण्या सुरू व्हायला २०२३ चा जुलै उजाडला.

आता थोडे कडू बोलते. रुग्णांना आवडलेले संशोधनही चुकलेले आहे. या आजाराच्या रुग्णांत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडल्याचा लेख २००९ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरच्या रुग्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काहींनी पदरचे पैसे घालून चाचण्या केल्या, काहींनी एचआयव्हीवरची औषधेही घेतली. तो विषाणू प्रयोगशाळेतल्या भेसळीतून आलेला निघाला आणि डिसेंबर २०११ मध्ये लेख मागे घेतला गेला. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधाच्या पहिल्या छोट्या चाचणीने अशीच आशा लावली होती. मग त्याच डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर काटेकोर चाचणी केली आणि औषधाचा उपयोग नाही, असे २०१९ साली स्वतःच जाहीर केले. नॉर्वेतल्या या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो. तेव्हा निष्कर्ष आपल्याला रुचतो का, यावर संशोधन तोलू नये. कोणाला घेतले, काय मोजले आणि मध्येच गळालेल्यांचे काय झाले, एवढेच पाहावे.

ज्या मुलीने किंवा मुलाने हा अभ्यास आखला आहे, त्यांच्याबद्दलही मन कलुषित करून घेऊ नका. बारा आठवडे, योग आणि चालणे, एकच रुग्णालय, हे सारे पाहता हा बहुधा पदव्युत्तर प्रबंध असावा. माझ्या समितीपुढे असे आराखडे दर वर्षी गठ्ठ्याने येत. विद्यार्थ्याला ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या संख्येचे रुग्ण हवे असतात, खर्च स्वतःच्या खिशातून असतो, आणि ‘थकवा’ असलेले रुग्ण बाह्यरुग्ण विभागात सहज मिळतात. यामागे कोणाचा कट नसतो, घाई असते. घाईत राहिलेली गोष्ट कोणी वेळेवर दाखवून दिली तर शहाणा विद्यार्थी आभारच मानतो.

म्हणून त्यांना असे काही लिहून पाठवा : ‘मला एमई/सीएफएसचे निदान झालेले आहे. श्रमानंतर साधारण चोवीस तासांनी माझा त्रास वाढतो आणि तीन-चार दिवस टिकतो. असे लक्षण असलेल्यांना आपण अभ्यासात घेणार आहात का, आणि त्यांची नोंद इतर थकलेल्या व्यक्तींपासून वेगळी ठेवणार आहात का? एखाद्या आठवड्यात माझी प्रकृती बिघडली, तर पुढच्या आठवड्याचे चालणे कमी केले जाईल, की तक्त्याप्रमाणे वाढवले जाईल? सत्रानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी माझी विचारपूस करून ती लिहून ठेवली जाईल का? मी मध्येच थांबले, तर थांबण्याचे कारण निष्कर्षांत येईल का? प्रकृती खालावली तर उपचारांची जबाबदारी कोणाची?’ एवढे पुरे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तक्त्याप्रमाणे’ असे आले, तर पुढचे वाचायचीही गरज नाही. नम्रपणे नकार कळवा आणि तुमच्या डॉक्टरांना तसे सांगून ठेवा.

थांबणाऱ्यांचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. आमच्या समितीपुढे एकदा गुडघेदुखीच्या व्यायामाचा अहवाल आला होता. निष्कर्ष उत्तम होते, फक्त काही जणांपुढे ‘फॉलो-अपला आले नाहीत’ असे लिहिलेले होते. मी हट्ट धरला, की या माणसांना फोन करून विचारा. विद्यार्थिनीने कुरकुरत फोन केले आणि पुढच्या बैठकीत खाली मान घालून सांगितले, की कळव्याचे एक आजोबा तिच्यावर भडकले होते : “अगं, तुझ्या व्यायामाने गुडघा सुजला म्हणून मला जिना उतरता येईना, आणि तूच विचारतेस का आलो नाही?” जे बिघडतात ते येत नाहीत, आणि जे येत नाहीत ते सरासरीतून गळतात. तुमच्या आजारात हे दुप्पट खरे आहे, कारण सगळ्यांत जास्त आजारी असलेला रुग्ण पहिल्या भेटीलाही पोहोचत नाही.

माहितीपत्रक घरी न्यायला मागा, तो तुमचा हक्क आहे. त्याच्या शेवटी एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा फोन नंबर असतो. संशोधकाकडून उत्तर आले नाही तर तिथे विचारा. कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, हेही त्यात लिहिलेले असले पाहिजे. भारतात होणाऱ्या अभ्यासांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ या सरकारी नोंदवहीत पाहता येते. ती २००७ साली सुरू झाली, औषधांच्या चाचण्यांना २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे, आणि योगाचे किंवा व्यायामाचे अभ्यासही तिथे नोंदवले जातात. अभ्यासाचे नाव घालून शोधले तर कोणाला घेणार आणि काय मोजणार, हे आधीच लिहून ठेवलेले दिसते. पुढे निष्कर्ष आल्यावर रेषा सरकली का, हे त्यावरूनच कळते. अभ्यासाच्या नावाखाली तुमच्याकडेच पैसे मागणारे, सलाइनमधून शक्ती किंवा स्टेम सेल देऊ करणारे कोणी भेटले, तर मात्र कसलेही प्रश्न न विचारता परत फिरा.

राहिला घरचा प्रश्न. यजमानांचे वाक्य मला दुष्टपणाचे वाटले नाही, ते थकलेल्या माणसाचे वाटले. चार वर्षांहून अधिक काळ तेही वाट पाहत आहेत. त्यांना पेस चाचणीचा इतिहास ऐकवू नका, एक वही द्या. दोन आठवडे रोज रात्री त्यांनी त्यांच्या हाताने लिहावे : आज हिने काय केले आणि आज ही कशी होती. मत लिहायचे नाही, पाहिलेले तेवढेच लिहायचे. मंगळवारी बँक, मंगळवारी रात्री जेवण वाढले, बुधवारी दुपारपर्यंत खोलीत अंधार, गुरुवारी न्हायला बसायला स्टूल लागले. मंगळवारच्या ओळीसमोर गुरुवारची ओळ त्यांच्याच अक्षरात आली, की मी किंवा तुम्ही समजावण्याची गरज कमी होईल. ती वही तुमच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडेल, आणि अभ्यासात गेलातच तर संशोधकालाही, कारण दुसऱ्या दिवसाची नोंद ठेवायला त्यांच्याकडे बहुधा कोणी नसेल.

दिरांसाठी एक गोष्ट सांगते, पटली तर पटली. ऑस्ट्रेलियातल्या डबो भागात तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या २५३ जणांवर पहिल्या तापापासून लक्ष ठेवले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के रुग्ण रोजचे जगणे अडवणाऱ्या थकव्यात अडकलेले होते, आणि कोण अडकणार हे मूळ आजाराच्या तीव्रतेवरून सांगता येत होते, आधीच्या मानसिक स्थितीवरून नाही. त्या तीनांपैकी रॉस रिव्हर हा विषाणू आपल्या चिकुनगुन्याच्या कुळातला आहे. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने जिन्याचा कठडा धरून उतरणारी माणसे दिरांनीही पाहिली असतील. त्यांना कोणी ‘बरे व्हायचेच नाही’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही.

तुमच्या निराशेला उतारा म्हणून नाही, पण दिशा बदलू शकते याचा दाखला म्हणून एवढे जरूर वाचा : ब्रिटनमधल्या ‘डीकोडएमई’ या अभ्यासाने ऑगस्ट २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या डीएनएवरून जनुकांच्या आठ जागा दाखवल्या, जिथे रुग्ण आणि इतर लोक यांच्यात फरक दिसतो. श्रमानंतर बिघडण्याचे लक्षण असलेल्यांनाच त्यात घेतले होते, लाळेचा नमुना घरूनच टपालाने पाठवायचा होता, त्यामुळे अंथरुणातले रुग्णही मोजले गेले, आणि आराखडा ठरवताना रुग्ण संशोधकांच्या बरोबरीने बसले होते. हे प्राथमिक निष्कर्ष आहेत, त्यांतून गोळी लगेच निघणार नाही, आणि विश्लेषण युरोपीय वंशाच्या रुग्णांचे असल्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल ते फार काही सांगत नाहीत. आपल्याकडे असा अभ्यास व्हावा असे वाटत असेल, तर संशोधकाला पाठवायच्या त्याच पत्रात एक ओळ वाढवा : पुढच्या वेळी आराखडा लिहिण्यापूर्वी आम्हाला विचाराल का?

ते पत्र एका दिवशी पुरे करू नका. रोज एक प्रश्न लिहा, किंवा तुम्ही सांगा आणि यजमानांना लिहू द्या. संशोधकाचे उत्तर मला कळवलेत तर आवडेल, पण त्यासाठी नऊ दिवस घालवू नका. ‘तक्त्याप्रमाणे’ किंवा ‘प्रकृतीप्रमाणे’ एवढा एक शब्द कार्डावर लिहून पाठवला तरी मला समजेल.